डॉक्टरांच्या गाडीची कमान

दवाखान्यात किस्से फार साठतात. औषधाच्या रिकाम्या बाटल्या लोक परत आणून देतात, जेवणाचे डबे परत घरी जातात, पण तिथं घडलेली गोष्ट कुणी परत नेत नाही. ती बाकाखाली पडून राहते आणि झाडलोट करताना कधीतरी हाताला लागते. मग मी ती तुम्हाला सांगते, तुम्ही सगळ्या हसता, आणि मला मात्र त्या त्या वेळचा राग पुन्हा जसाच्या तसा येतो.

आज सांगतेय ते सगळे किस्से एका लोखंडी पाइपाचे आहेत. हसायचं तर हसा. मी हसणार नाही.

आमचा दवाखाना उमरग्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. मी सोलापुरात नर्सिंग शिकलेली, त्यामुळे डॉक्टरांची बायको आणि दवाखान्यातली नर्स या दोन्ही नोकऱ्या मलाच, आणि दोन्ही बिनपगारी.

संस्थानाचं विलीनीकरण होऊन काही वर्षं झाली होती. हैदराबादचे जहागीरदार घरातली एकेक चीज विकायला काढत होते. कुणी झुंबरं घेतली, कुणी गालिचे घेतले. आमचे डॉक्टर गेले आणि मोटार घेऊन आले. हिरवी, इंग्रजी, उघडी, सीट दोनच. कापडी टप होता, तो फाटलेला. गाडी इतकी बुटकी की आत बसलं की रस्त्यावरच्या बैलाचं तोंड बरोबर आपल्या तोंडासमोर यायचं. शर्यतीच्या जातीची गाडी, असं डॉक्टर म्हणायचे. ती आमच्याकडे खेड्यापाड्यांतून बाळंतपणं करत फिरायला लागली.

डॉक्टरांचे मित्र अप्पा वकील. कोर्टात काम असलं की उस्मानाबादला, नसलं की आमच्या बाकावर. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "यात पेशंट झोपवणार कुठं?"

"पेशंटकडे आपण जायचं. पेशंटनं गाडीत यायचं नाही."

डॉक्टरांचं हे असं असायचं. उत्तर तयार, विचार नंतर.

* * *

पाइपाची सुरुवात झाली ती एका जीपमुळे. रस्त्याच्या कामावरचा एक तरुण कंत्राटदार नळदुर्गच्या बाजूनं उघड्या जीपमधून येत होता. जीप खड्ड्यात उलटली. लोकांनी त्याला बैलगाडीतून आमच्याकडे आणलं. अंगावर कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. शर्टाची इस्त्री जागेवर होती. फक्त डोकं जीपखाली सापडलं होतं.

त्याला मी धुतलं. तासाभरानं त्याची बायको आली, तिला बातमी मीच सांगितली, कारण डॉक्टर मागच्या खोलीत हात धुवायला गेले ते बाहेर येईनात. ती माझ्याच वयाची होती. तिनं मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली, की अंगाला काहीच झालं नाही तर माणूस मरतो कसा.

त्या दिवशी मी घरी येऊन त्या हिरव्या गाडीकडे पाहिलं. टप फाटलेला, काच गुडघ्याएवढी, डोक्यावर आभाळ. आणि माझा नवरा त्या गाडीतून हसत हसत उतरत होता. मी अंगणातूनच सांगितलं, की मला त्या बाईसारखं दवाखान्याच्या दारात उभं राहायचं नाही. या गाडीचं काहीतरी करा, नाहीतर विकून टाका.

विकायची गोष्ट काढल्यावर डॉक्टर एकदम शास्त्रीय झाले. त्यांच्याकडे मोटारींची विलायती मासिकं यायची. त्यातल्या एका पानावर शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं. सीटच्या मागं पाइपाची एक कमान उभी केलेली. गाडी उलटली तर तिचा भार त्या कमानीवर पडतो आणि माणसाचं डोकं वाचतं. ते पान घेऊन डॉक्टर खाजामियाँच्या गॅरेजात गेले. खाजामियाँ ट्रकच्या बॉड्या बांधायचे. वेल्डिंगचा हात चांगला होता आणि गिऱ्हाईक म्हणेल तसं करून द्यायची सवय फार वाईट होती.

संध्याकाळी गाडी दारात आली. कमान होती. एकच होती. फक्त डॉक्टरांच्या सीटमागं!

मी विचारलं, "अहो, आणि मी?"

त्यांनी मासिक उघडून मला चित्र दाखवलं. "यात असंच आहे. शर्यतीच्या गाडीत माणूस एकटाच असतो."

मी खाजामियाँकडे वळले. त्यांनी मान खाली घातली. "भाभी, साहेबांनी कागद दिला, त्यात एकच होती. आपण काय बोलणार?"

लग्नात सप्तपदी दोघंही चाललो होतो. पाइप एकट्याला. त्या रात्री स्वयंपाकही मी एकाच माणसाचा केला, माझा.

* * *

दोघांची मिळून एक रुंद कमान झाली. पाइप तोच, नळाचा, पाण्याचा. त्यावर डॉक्टरांनी हिरवा रंग दिला आणि गाडी देवीला दाखवायला आम्ही तुळजापूरला निघालो. डॉक्टरांचं घर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. आमच्या मामंजींना गाडी बुटकी वाटली, रंग पसंत पडला, आणि ती कमान पाहून तर फारच आनंद झाला. त्यांना वाटलं ती तोरण बांधायला केली आहे.

झेंडूचं तोरण बांधलं. पाइपाला हळद-कुंकू लावलं. मग नारळ फोडायची वेळ आली. एरवी गाडीचा नारळ चाकापाशी दगडावर फोडतात. मामंजी म्हणाले, एवढी देखणी कमान असताना दगड कशाला. आणि त्यांनी नारळ उचलून दोन्ही हातांनी कमानीवर हाणला.

नारळाला काही झालं नाही. पाइप चेपला.

मी बघतच राहिले. डॉक्टरही बघत राहिले. जो पाइप अख्ख्या गाडीचा भार पेलून माझं डोकं वाचवणार होता, तो नारळापुढं हरला. मामंजींनी नारळ कानाशी धरून हलवला, पाणी खळखळतंय ऐकून समाधानानं म्हणाले, "सूनबाई, नारळ उत्तम निघाला."

परत येताना घाट लागला. डॉक्टर दर वळणाला आरशात त्या चेपलेल्या जागेकडे बघत होते, ते मला दिसत होतं. बरं वाटलं मला.

* * *

तिसरी कमान जाडजूड झाली. ट्रकच्या कामाचा भरभक्कम पाइप. आणि खाली पत्र्याला न जोडता, गाडीच्या मूळ सांगाड्यापर्यंत नेऊन बोल्टांनी आवळलेला. खाजामियाँनी यावेळी मला बोलावून हात लावायला सांगितलं. मी लावला, हलवून पाहिलं, गाडी हलली पण कमान हलली नाही. मी खूश झाले. माझं एवढ्यात खूश होणंच चुकतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाडीत बसले, मी ओट्यावरून पाहिलं, तर डॉक्टरांचं डोकं कमानीच्या वर!

झालं असं होतं की उंचीचं माप घ्यायच्या वेळी दवाखान्यात गर्दी होती. म्हणून डॉक्टरांनी अप्पा वकिलांना पाठवलं. अप्पा वकील सीटवर बसले, खाजामियाँनी त्यांच्या डोक्याच्या वर चार बोटं सोडली आणि पाइप वाकवला. अप्पा वकील कोर्टात उभे राहिले तरी साक्षीदाराला वाटायचं साहेब अजून बसलेत. आणि आमचे डॉक्टर दारातून वाकून येणारे.

मी धुणं वाळत घालायची लांब काठी आणली. तिचं एक टोक कमानीवर ठेवलं, दुसरं टोक पुढं बॉनेटवर. गाडी उलटली की जमीन कुठं येईल, ती ही काठी. माणूस या काठीच्या खाली मावला पाहिजे. एवढं समजायला विलायती मासिक लागत नाही. मी खाली मावत होते. काठी डॉक्टरांच्या मात्र बरोबर कपाळाला टेकली.

अप्पा वकील म्हणाले, वहिनी म्हणतात त्यात तथ्य आहे.

डॉक्टर म्हणाले, "गाडी उलटायला लागली की मी मान खाली घालीन."

लग्न झाल्यापासून या माणसानं कुणापुढं मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. वडिलांपुढं नाही, कलेक्टरापुढं नाही, चूक दाखवली तरी नाही. आणि गाडी उलटेल त्या क्षणी हे मान खाली घालणार! मी काठी तिथंच टाकली आणि खाजामियाँकडे गेले. भर दुपारी, चालत, डोक्यावर पदर घेऊन. त्यांना सांगितलं की यापुढं माप फक्त त्याच माणसाचं घ्यायचं ज्याचं डोकं आहे.

* * *

चौथी कमान उंच झाली. आता ती लांबूनच दिसायची आणि लोकांना तिचे नाना उपयोग सुचायला लागले. वरातवाले तिला धरून नवरदेव उभा करायला मागायचे. निवडणुकीत कुणी कर्णा बांधायला मागितली. मी सगळ्यांना हाकलून लावलं.

मग एक दिवस डॉक्टर घाईघाईनं व्हिजिटला निघाले. बॅग सीटवर टाकली, किल्ली लावली, आणि डोक्यामागून कुणीतरी रडायला लागलं. वळून बघतात तर कमानीला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हं पोर. पोराची आई आत बाकावर नंबर लावून बसलेली.

मी धावत गेले आणि तिला चांगलंच झापलं. गाडी निघाली असती म्हणजे? ती शांतपणे झोळी सोडत म्हणाली, "बाई, लई मजबूत हाय म्हनून बांधली. तुमच्या झाडाची फांदी कच्ची हाय."

त्या पाइपावर पूर्ण विश्वास ठेवणारं अख्ख्या तालुक्यात ते एकच माणूस भेटलं. राग कुणावर काढायचा मला कळेना. मी डॉक्टरांवर काढला, सवयीनं.

डॉक्टरांचं डोकं त्या उघड्या लोखंडावर दर खड्ड्याला आपटायचं, ते वेगळंच. खड्डे चुकवण्यापेक्षा टेंगूळ लपवणं त्यांना सोपं जायचं. शेवटी मी काथ्याची दोरी गच्च गुंडाळून त्यावर गोधडीचे जाड थर शिवले आणि कमानीला वरपासून खालपर्यंत अंगरखा चढवला. डोकं वाचवायला लावलेल्या पाइपानंच डोकं फुटलं तर त्या कंत्राटदाराच्या बायकोसारखी मी तरी कुणाला काय विचारणार होते?

* * *

आता राहिला पट्टा. त्याच मासिकात पुढच्या पानावर लिहिलं होतं, की माणूस सीटला बांधलेला नसेल तर कमानीचा काही उपयोग नाही. गाडी उलटताना माणूस बाहेर फेकला जातो आणि कमान रिकाम्या सीटचं रक्षण करते. हे पान डॉक्टरांनी मला दाखवलं नव्हतं. अप्पा वकिलांनी दाखवलं, तेही बोलण्याच्या ओघात चुकून.

सोलापूरच्या जुन्या बाजारात मिलिटरीचं सामान मिळायचं. तिथून मी जाड कॅनव्हासचे पट्टे आणले. बक्कल पितळेचं. खाजामियाँनी ते मांडीवरून कमरेला आवळतील असे बसवले. दोन सीटना दोन. यावेळी मी समोर उभी राहून मोजले.

पहिल्याच दिवशी आम्ही दोघं पट्टे आवळून एका खेड्यात गेलो. आता आमच्या भागातली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. दवाखान्यात माणूस बांधून आणला, की त्याचे अर्थ दोनच. एक तर त्याला वेड लागलंय, नाहीतर पिसाळलेलं कुत्रं चावलंय. असे कितीतरी जण आमच्या दारात बाजेला बांधून आलेले मी पाहिले होते. पण आपण स्वतःच बांधून बसलोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गाडी पारापाशी थांबली. पोरं आली, माणसं आली, आणि सगळी चार हात लांबच थांबली. कुणी बॅग घ्यायला पुढं होईना. शेवटी एक म्हातारबाबा काठी पुढं धरून जवळ आले. त्यांनी डॉक्टरांचा पट्टा पाहिला. मग माझा पाहिला. आणि फार हळवेपणानं मला विचारलं, "बाई, कुत्रं दोघांनाबी चावलं का?"

ज्या घरी बाळंतपण होतं त्यांनी आधी आम्हाला पाणी पिऊन दाखवायला लावलं. पाण्याला भीत नाही हे बघूनच आत घेतलं!

बातमी आमच्या आधी उमरग्यात पोचली. कितीतरी दिवस दवाखान्यात माशी फिरकली नाही. तुळजापूरहून मामंजी एस.टी.नं अंगारा घेऊन आले. डॉक्टरांनी अंगारा लावून घेतला आणि संध्याकाळी जाहीर केलं, "आजपासून मी पट्टा बांधणार नाही. मला दवाखाना चालवायचाय."

मी म्हणाले, मोठ्या रस्त्यावर बांधा, गाव आलं की सोडा. नाही. निदान मी शेजारी असताना बांधा. नाही. गिऱ्हाईक गेलं तर परत येईल, तुम्ही गेलात तर मी काय करू? ते म्हणाले, तू फार बोलतेस.

मी बांधत राहिले. लोकांनी काय ते समजून घेतलं. डॉक्टरीणबाईला मागं कुत्रं चावलं होतं, तेव्हापासून तिला जरा धरून बसवावं लागतं, असं आमच्या तालुक्यात आजही सांगणारे भेटतील. त्यापायी माझी कितीतरी पातळं खराब झाली, कारण कॅनव्हास धूळ धरायचा आणि कमरेवर काळा पट्टा उमटायचा. म्हणून मी माझा पट्टा अधूनमधून सोडून आणायची, सोड्यानं धुवायची, मागच्या अंगणात वाळत घालायची.

एकदा म्हटलं यांचाही धुवावा. वापरत नसले तरी नुसती धूळ बसतेच. काढला, तर काय! माझ्या पट्ट्यापेक्षा मळलेला. घामानं कडक झालेला, बक्कल झिजून चकचकीत. मी तसाच हातात घेऊन दवाखान्यात गेले, हे काय म्हणून विचारलं.

डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावून बसले होते. त्यांनी कानातून नळी काढली नाही. "ज्वारीचं पोतं," म्हणाले. "लोक फीऐवजी ज्वारी देतात. पोतं सीटवर ठेवून बांधून आणतो."

तुम्हाला सांगते, एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता. ज्वारीच्या पोत्याला पट्टा! पोतं पडू नये म्हणून बांधायचं आणि आपण मोकळं बसायचं! मी भर दवाखान्यात बोलले. पोत्याचा जीव प्यारा आहे, मग पोत्याशीच संसार करायचा होता, असंही बोलले. पेशंट छाती उघडी टाकून माझ्याकडे बघत होता. डॉक्टर नळी कानात घालून खाली मान घालून बसले. हो, मान खाली घातली. तेवढी एकदाच.

रागारागानं मी यांचा पट्टा न धुताच परत टाकून आले.

* * *

आता शेवटचं सांगते.

त्या सकाळी मुरूमच्या बाजूच्या एका वस्तीवरून बाळंतपणाचा निरोप आला. मी पहाटेच माझा पट्टा धुऊन वाळत घातला होता. ओला होता. पट्ट्याशिवाय मी त्या गाडीत बसत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, राहू दे, तिथं सुईण आहे. आणि एकटे गेले. मी दारातून ओरडले की निदान आज बांधा. त्यांनी हात हलवला. तो हात हो म्हणणारा नव्हता, मला त्यांचे सगळे हात ठाऊक होते.

दुपारी ते बैलगाडीतून आले. मी लांबून बैलगाडी पाहिली आणि दाराची चौकट धरली. तो कंत्राटदारही बैलगाडीतूनच आला होता. मग बैलगाडीत डॉक्टर उठून बसलेले दिसले आणि मला इतकं रडू आलं आणि लगेच इतका राग आला, की दोन्ही एकदम कसं आवरायचं कळेना.

येताना अरुंद पुलावर समोरून ट्रक आला. डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली ती कठड्यावरून खाली तुरीच्या रानात गेली, चारी चाकं वर करून. बाळंतपण मात्र आधी नीट पार पडलं होतं. डॉक्टरांच्या टाळूला खोक पडली होती, पुढच्या काचेच्या चौकटीची. बाकी काही नाही.

खोक मीच शिवली. शिवताना विचारलं, कसे वाचलात. ते म्हणाले, "उडी मारली."

गाडी उलटायच्या आत त्यांनी बाहेर उडी मारली म्हणे. मोकळे होते म्हणून मारता आली. बांधलेले असते तर आत अडकले असते. संध्याकाळपर्यंत अप्पा वकील ती उडी बाकावर उभं राहून सगळ्यांना करून दाखवायला लागले. मी शेवटचा टाका जरा जास्तच ओढून घातला होता, तो बरोबरच घातला असं मला वाटलं.

खाजामियाँनी गाडी ओढून आणली. काच गेली होती, बॉनेट चेपलं होतं. कमान जशीच्या तशी. गोधडीवर तेवढी काळी माती लागली होती. तिच्याखाली माणूस पुरता मावेल एवढी जागा राहिली होती, आणि हा माणूस म्हणत होता मी तिथं नव्हतोच. चार कमानी केल्या, भांडून भांडून केल्या, आणि वेळ आली तेव्हा हे उडी मारून मोकळे. ज्यानं खरोखर वाचवलं असतं त्याच्यावर या माणसाचा नाहीच विश्वास, आणि माझ्यावर तर नाहीच नाही. मी गाडीत वाकून पाहिलं. डॉक्टरांच्या सीटचा पट्टा नव्हता. दोन्ही बाजूंना वीतभर शेपट्या लोंबत होत्या.

"खाजामियाँ, पट्टा कुठाय?"

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी आभाळाकडे पाहिलं. "उलटापालटीत तुटला असंल, भाभी. पडला असंल रानात."

मी त्या दिवसापासून डॉक्टरांशी बोलणं सोडलं. कामापुरतं बोलायचं. सुई द्या, कापूस द्या, पुढचा पेशंट. उडीच्या गोष्टीला बाजारात रंग चढत गेला आणि माझ्या तोंडाला कुलूप बसलं.

मग एका बाजारच्या दिवशी, दवाखाना गच्च भरलेला, तुरीच्या रानाचा मालक आला. तो आजारी नव्हता. दारात चप्पल काढून, हात जोडून सरळ टेबलापाशी गेला. उपरण्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं.

"सायब, माफी असावी," तो म्हणाला. "तुमी उलटं लटकत व्हता. म्हणत व्हता, बक्कल काढ, बक्कल काढ. मला ते काय उमगंना. म्या इळ्यानं इकडून कापलं, तिकडून कापलं. तुमी टाळूवर पडलासा. माज्यामुळं लागलं तुमाला."

अप्पा वकिलांनी चष्मा काढला. शेतकऱ्यानं उपरणं सोडलं आणि कापलेला पट्टा टेबलावर ठेवला. मळलेला, घामानं कडक झालेला. दोन्ही टोकं विळ्यानं कापलेली, आणि मधोमध बक्कल लागलेलं. जसंच्या तसं गच्च लागलेलं.

"पितळेचं हाय, म्हनून परत आनलं," तो म्हणाला.

सगळा दवाखाना डॉक्टरांकडे बघत होता. त्यांनी तो तुकडा उचलला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, अगदी पेशंटची जीभ तपासावी तसा. मग माझ्याकडे न बघता तो माझ्यापुढं सरकवला.

"हा हिच्या बाजूचा आहे," ते म्हणाले.

मी बक्कल उघडलं, पट्टा गुंडाळून पदरात ठेवला, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.